खोड नव्हे, भीती : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकांची उत्तरं

बैल बुजला, म्हैस लाथा झाडायला लागली, कुत्रं पलंगाखालून निघेना, की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो 'खोड'. या वेळच्या पत्रांतही तो पुन्हा पुन्हा आलाय. खोड मोडता येते. भीती मोडायला गेलं की ती वाढते. म्हणून या अंकात फक्त घाबरलेल्या जनावरांच्या प्रश्नांना जागा दिली आहे.

प्रश्न : आमची कुत्री साधी देशी, पाच वर्षांची. मागच्या दिवाळीत तिच्यापासून हातभर अंतरावर सुतळी बॉम्ब फुटला. तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली, दार आपटलं, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी ती बाथरूममध्ये कमोडच्या मागे जाऊन थरथरत बसते. अंधार पडल्यावर खाली उतरतच नाही. शेजारी म्हणतात, जवळ घेऊ नका, लाडाने भीती वाढते. गणपती आणि दिवाळी तोंडावर आलेत. काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी शेजाऱ्यांचं म्हणणं बाजूला ठेवा. तिला खुशाल जवळ घ्या. बिस्किट मिळतं म्हणून कुत्रं पुन्हा पुन्हा बसतं, कारण बसणं त्याच्या हातात असतं. थरथरणं, धापा टाकणं, लाळ गाळणं त्याच्या हातात नसतं. अ‍ॅड्रिनलिन उसळलं की शरीर ते आपोआप करतं. पाठीवरून हात फिरवल्याने ते वाढत नाही. ती येऊन चिकटत असेल तर चिकटू द्या. लांब जाऊन बसत असेल तर ओढून मांडीवर घेऊ नका, एवढंच पथ्य.

कमोडमागची जागा तिने बरोबर शोधलीय. तिन्ही बाजूंनी आडोसा, खिडकी लहान, बाहेरचा आवाज कमी. तिथून हाकलू नका. जुनी गोधडी अंथरा, पाण्याचं भांडं ठेवा, दिवा आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. दार मात्र उघडंच राहील असं अडकवा. कोंडलेलं कुत्रं दार खरवडताना नखं मोडून घेतं.

भीती बॉम्बपासून कुकरपर्यंत कशी पोचली, तर मेंदू धोक्याची नोंद करताना आजूबाजूचं सगळं एकाच गाठोड्यात बांधतो : आवाज, अंधार, इमारतीखालची जागा, फटाक्याच्या दारूचा वास. नंतर त्यातलं काहीही एक समोर आलं की सगळं गाठोडं सुटतं. पुढे त्या आवाजासारखे आवाजही त्याच गाठोड्यात जाऊन पडतात. ती रात्री खाली उतरत नाही, याचं कारणही हेच.

एक तपासणी चुकवू नका. आवाजाला घाबरणाऱ्या काही कुत्र्यांना मुळात खुब्याचं, गुडघ्याचं किंवा पाठीचं दुखणं असतं. दचकलं की स्नायू आखडतात, आखडले की कळ येते, आणि आवाज व कळ यांची मनात गाठ बसते. जिना चढताना थांबते का, सोफ्यावर उडी मारायचं टाळते का, उठताना मागचे पाय सावकाश उचलते का, हे आठवडाभर पाहून डॉक्टरांना सांगा. दुखणं असेल तर आधी त्याच्यावर औषध. नुसता सराव तिथे हरतो.

आता सराव. फोनवर फटाक्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज घ्या. आवाज सगळ्यात खाली, फोन दुसऱ्या खोलीत. उकडलेलं चिकन, कलेजी किंवा पनीर यांचे वाटाण्याएवढे वीस-पंचवीस तुकडे हाताशी ठेवा. क्रम असा : आधी आवाज, मग एक-दोन सेकंदांत तुकडा. आवाज थांबला की तुकडेही बंद. हा क्रम उलटा झाला, आधी तुकडा दाखवला आणि मग आवाज आला, तर थोड्याच दिवसांत चिकन दिसलं की ती पळायला लागेल, कारण चिकन हीच धोक्याची सूचना ठरते. घरोघरी हा सराव बिघडतो तो इथेच.

एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. कान वळले, क्षणभर पाहिलं आणि ती पुन्हा खायला लागली, तर आवाज बरोबर आहे. ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, मागे गेलेले कान, पोटाशी गेलेली शेपटी, डोळ्याच्या कोपऱ्यात दिसणारा पांढरा भाग ही आवाज जास्त झाल्याची लक्षणं. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे आवडीचा तुकडा नाकासमोर असूनही ती तो घेत नाही. तसं झालं तर त्या दिवशी थांबा आणि पुढच्या वेळी आवाज दोन घरं खाली आणा. तीन-चार दिवस एकही लक्षण दिसलं नाही, तरच एक घर वर. फोनच्या छोट्या स्पीकरमधून बॉम्बचा खोल दणका येतच नाही, म्हणून महिन्याभराने मोठा स्पीकर जोडून पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते. तेवढं करूनही खरा फटाका उजेड, वास आणि जमिनीचा हादरा सोबत घेऊन येतो, हे लक्षात असू द्या.

गणपतीपर्यंत हे पुरं होणार नाही. 'सवय होऊ दे' म्हणून तिला ढोल-ताशाच्या पथकाजवळ मात्र अजिबात नेऊ नका. अशा वेळी काही कुत्री पंधरा-वीस मिनिटांनी एकदम गप्प होतात आणि घरच्यांना वाटतं, सरावली. ती सरावलेली नसतात. सुटका नाही हे कळल्यावर शरीर धडपड सोडून देतं, आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट होऊन येते.

दिवाळीसाठी डॉक्टरांकडे आत्ताच जा, धनत्रयोदशीला नव्हे. भीतीच कमी करणारी औषधं आहेत. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन ही त्यातली नेहमीची. मात्रा वजन आणि यकृत-मूत्रपिंडाची स्थिती पाहून डॉक्टर ठरवतील. पहिली मात्रा एखाद्या शांत दिवशी देऊन बघायची, म्हणजे किती वेळाने लागू पडते आणि किती वेळ टिकते ते कळतं. सणाच्या दिवशी गोळी आवाज सुरू होण्याच्या दीड-दोन तास आधी पोटात हवी. थरथर सुरू झाल्यावर दिलेल्या गोळीचा उपयोग फार कमी. नुसतं एसिप्रोमाझिन देत असतील तर स्पष्ट विचारा. त्याने शरीर सुस्तावतं, भीती तशीच राहते. कुत्री पडून असते, सगळं ऐकत असते आणि हलू शकत नाही. पाहणाऱ्याला मात्र ती शांत झोपल्यासारखी दिसते. माणसांची झोपेची गोळी तर मुळीच नको.

त्या दिवशी फिरवणं दुपारी चार-साडेचारला उरकून घ्या. पट्टा गळ्यात आणि छातीला, दोन्हीकडे बांधा, आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबर हवाच. घाबरलेलं कुत्रं गळ्यातला पट्टा मान मागे ओढून सहज काढतं आणि दिसेल त्या दिशेने धावत सुटतं.

प्रश्न : आमचा कुत्रा वर्षभराच्या सरावानंतर ढगांच्या गडगडाटाला घाबरेनासा झाला होता. यंदा वळवाच्या पहिल्याच पावसात पुन्हा तसाच थरथरला. म्हणजे सगळी मेहनत वाया गेली का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. जुनी भीती मेंदूतून पुसली जात नाही. तिच्यावर 'हा आवाज म्हणजे काही धोका नाही' असा नवा थर बसतो. वर्षभर गडगडाट झालाच नाही, किंवा घर बदललं, किंवा या वेळी आवाजाबरोबर वीजही गेली, की तो थर सरकतो आणि खालचं वर येतं.

याचं जुनं आणि नेमकं उदाहरण कुत्र्यांवर प्रयोग करणारे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव यांच्या प्रयोगशाळेतलं आहे. 23 सप्टेंबर 1924 रोजी लेनिनग्राडमध्ये नेवा नदीला मोठा पूर आला. कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी भरलं आणि नाक जेमतेम वर ठेवून कुत्री पोहत राहिली. पिंजऱ्यांची दारं खालच्या बाजूला असल्यामुळे बाहेर काढताना त्यांची डोकी पाण्याखाली दाबावी लागली. वाचलेल्यांपैकी काहींना शिकवलेल्या गोष्टी नंतर आठवेनात. ती घडी हळूहळू पुन्हा बसली. मग एकदा खोलीच्या दाराखालून थोडंसं पाणी आत सोडून पाहिलं, तेवढ्याने एका कुत्र्याची बसलेली घडी पुन्हा विस्कटली. याच कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे : एकटं असताना ते काही करेना, पण ओळखीचा माणूस खोलीत शेजारी येऊन बसला की त्याला शिकवलेलं परत येई.

म्हणून तुम्ही दोन गोष्टी करा. तळापासून सुरू करा. दुसऱ्या वेळी थर लवकर बसतो. आणि ढग भरून आले की घरातलं कोणीतरी त्याच्याजवळ बसेल अशी व्यवस्था करा. एक मोठा हादरा बसल्यावर दोन-तीन दिवस सराव नको. ताणाने रक्तात वाढलेलं कोर्टिसोल हे संप्रेरक उतरायला वेळ लागतो आणि तोवर लहान आवाजही त्याला मोठा वाटतो.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी बिबट्याने रात्री गोठ्यात शिरून आमच्या म्हशीचं पारडू नेलं. म्हशीला फारशी जखम नाही. पण आठ लिटरची म्हैस आता दोन-अडीच लिटरवर आलीय, कासेला हात लावला की लाथ मारते, संध्याकाळी गोठ्यात शिरायला तयार नसते. गावात काही जण रोज इंजेक्शन देऊन दूध काढायला सांगतात.
— एक शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : म्हैस दूध चोरत नाही, तिला पान्हा सोडता येत नाही. दोन्हींत फार फरक आहे, आणि तो समजला की उपाय आपोआप कळतात.

सडांना हात लागला, आंबोण दिसलं, पारडू ढुसलं, की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात येतं. ते कासेत पोचून बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतं आणि दूध खाली सडात उतरतं. जनावर भेदरलेलं असेल तर अ‍ॅड्रिनलिन कासेच्या रक्तवाहिन्या आकसवतं आणि ऑक्सिटोसिनचं काम अडवतं. अमेरिकेत एली आणि पीटरसन या संशोधकांनी 1941 साली याचाच अभ्यास मांडला. धारेच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवून कागदी पिशव्या फोडल्या, की पान्हा अडायचा. गाईचं साधारण पाचवा हिस्सा दूध सडांवरच्या पोकळीत आधीच उतरलेलं असतं, त्यामुळे घाबरलेली गायही थोडंफार देते. म्हशीत हे आयतं दूध जेमतेम विसावा हिस्सा. बाकी सगळं पान्ह्यावर अवलंबून. म्हणून भीतीचा फटका म्हशीला जास्त बसतो.

सुरुवात अंगापासून. मान, गळा, मागच्या मांड्या आणि कास बोटांनी चाचपून पाहा. नखाची जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आत पू होतो. दात किंवा नख लागलं असेल तर रेबीजच्या लसीबद्दल डॉक्टरांना आजच विचारा. प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या फडक्यावर घ्या. गाठी, पाणीदारपणा किंवा रक्त दिसलं तर दगडी, म्हणजे कासेची सूज, सुरू झालीय आणि लाथ दुखण्यापायी आहे. दूध आत तुंबून राहिलेल्या कासेला दगडी लवकर धरते, म्हणून ही तपासणी रोज करा.

मग गोठा. ज्या कोपऱ्यातून पारडू गेलं, तिथे तिला बांधू नका. दावण बदला, शेजारी जुनी शांत म्हैस बांधा, तोंड दाराकडे ठेवा. पाठीमागून काय येतंय ते न दिसणं हीच तिची सगळ्यात मोठी धास्ती आहे. जुन्या जागेवरची माती वीतभर खणून बाहेर टाका, चुना मारा, दोन दिवस ऊन लागू द्या. रात्रभर दिवा हवा. आणि गोठा वरूनही बंद हवा. उघड्या भिंतीवरून बिबट्या सहज आत उतरतो. संध्याकाळी ती दारात अडून बसली तर शेपूट पिरगाळू नका, काठी उचलू नका. तिच्या ओळखीची म्हैस आधी आत घाला, आत आंबोण ठेवा, दाव्याला ढील द्या आणि वाट पाहा. पहिल्या दिवशी अर्धा तास जाईल. चौथ्या-पाचव्या दिवशी तो वेळ निम्म्यावर यायला हवा.

धार काढणारं माणूस एकच, वेळ एकच, शक्यतो कपडेही तेच. समोरून, बाजूने, बोलत जवळ जा. आधी आंबोण. मग कोमट पाण्याने कास धुऊन दोन-तीन मिनिटं नुसतं चोळा, ओढू नका. सड भरून ताठ होईपर्यंत थांबा. बुजलेल्या म्हशीला याला दहा मिनिटंही लागतात, आणि रिकामे सड ओढत राहिलं तर तिला कळ येते आणि उद्याची भीती आजच तयार होते. सड भरले की पाच-सात मिनिटांत धार उरका. पान्हा तेवढाच वेळ टिकतो. मध्येच भांडं पडलं, कुत्रं भुंकलं आणि ती ताठरली, तर उठा. वीस मिनिटांनी, अर्ध्या तासाने पुन्हा बसा. मागचे पाय दोरीने आवळून काढलेली धार हा आजचा लाभ आणि महिन्याचं नुकसान.

इंजेक्शनबद्दल : कास तुंबून दगडीचा धोका असेल तेव्हा डॉक्टर स्वतः एक-दोनदा ऑक्सिटोसिन देतील, ते ठीक. रोज टोचलं तर म्हैस सुईशिवाय पान्हवेनाशी होते, आणि सुईची भीती आधीच्या भीतीवर बसते. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हाही आहे. पारडाच्या कातड्यात पेंढा भरून समोर ठेवण्याची जुनी रीत आता शक्य नाही. त्याऐवजी धारेच्या वेळी रोज त्याच भांड्यात मूठभर सरकी ठेवा. भांड्याचा आवाज हीच पान्ह्याची खूण होऊन बसते. तीन आठवडे उलटले आहेत, तेव्हा घाई करा : साचलेलं दूध कासेला दूध बनवणं कमी करायला सांगत राहतं, आणि आटत गेलेलं दूध त्या वेतात पुरतं परत येत नाही.

प्रश्न : घर बदलल्यापासून, म्हणजे कालपासून, आमचा बोका कपाटामागे आहे. खात नाही. ओढून काढावा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नको. मांजराचा धीर माणसावर कमी आणि जागेवर जास्त असतो, आणि त्याची सगळी जागा एका दिवसात गेलीय. एकच खोली त्याला द्या. पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून आत तुमचा न धुतलेला कुडता टाका. मातीचा ट्रे एका कोपऱ्यात, खाणं-पाणी दुसऱ्या कोपऱ्यात. तुम्ही जमिनीवर बसा, त्याच्याकडे रोखून पाहू नका, पाहिलंच तर डोळे सावकाश मिटा-उघडा. रात्री वासाचं काहीतरी, कोमट करून मासळी वगैरे, ठेवून निघून जा.

दोन गोष्टींत थांबायचं नाही. दोन दिवस पोटात काहीच गेलं नाही, तर डॉक्टर. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं. आणि बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, ओरडतोय आणि लघवीचा थेंबच पडतोय किंवा तोही नाही, तर रात्र असली तरी लगेच न्या. ताणाने मूत्राशय सुजून बोक्याची लघवी अडते, आणि तिथे तास मोजायचे असतात.

प्रश्न : खुराड्यात मुंगूस शिरून चार गावठी कोंबड्या मारल्या. उरलेल्यांची अंडी निम्म्याहून कमी झाली, आणि जी येतात त्यांच्यावर खडूसारखी पांढरी भुकटी असते. काहींना वळ्या पडल्यात. खाद्य तेच आहे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ती भुकटी म्हणजे कॅल्शियमच. कवच चढायला साधारण वीस तास लागतात. कोंबडी घाबरली की तयार अंडं आतच अडवून धरते आणि त्याच्यावर जादा थर चढत राहतो. मागून दुसरं अंडं येऊन टेकलं की एक बाजू चपटी होते. ओलं फडकं फिरवून पाहा, भुकटी निघून येईल. अंडं खायला चांगलं आहे.

शिंपली आणि खाद्य वाढवून यात काही होणार नाही; रात्र सुरक्षित वाटली पाहिजे. अर्ध्या इंचाची जाळी लावा आणि ती जमिनीखाली फूटभर पुरा. बसायला दांडा द्या, प्रत्येक कोंबडीला वीतभर जागा. खुराड्याचे कोपरे पत्रा वाकवून गोल करा : घाबरलेल्या कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरून मरतात, मुंगसाने मारल्या त्याहून जास्त अशा जातात. आत शिरण्याआधी रोज तीच साद घाला. काही दिवस पिसंही गळतील. दोन आठवड्यांनंतरही वळ्या आणि भुकटी थांबली नाही, किंवा शिंका, घरघर, हिरवी विष्ठा दिसली, तर ती भीती नव्हे, आजार. मानमोडीची (राणीखेत) शंका धरून तपासणी करून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे 2002 पासून हत्ती येतात. पूर्वी फटाके लावले की पळायचे. आता पळत नाहीत, उलट अंगावर येतात. हत्ती एवढे बदलतात का?
— एक बागायतदार, दोडामार्ग

उत्तर : बदलतात, आणि ते विसरत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानात संख्या कमी करण्यासाठी कळपातले मोठे हत्ती मारले गेले आणि पोरकी पिल्लं पिलानेसबर्ग या दुसऱ्या राखीव जंगलात नेली. मोठ्यांच्या धाकाशिवाय वाढलेले नर वेळेआधीच माजावर येऊ लागले. 1992 ते 1997 मध्ये त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. 1998 मध्ये क्रूगरमधून सहा मोठे नर तिथे आणून सोडले. तरुणांचा माज उतरला आणि गेंड्यांचे मृत्यू थांबले. म्हणजे तिथे बिघाड हत्तीच्या जातीत नव्हता, त्यांच्या वाढण्यात होता.

तुमच्याकडे दोन गोष्टी एकदम घडतायत. फटाक्याने इजा होत नाही हे हत्तींना कळलंय, म्हणून आवाजाचा धाक गेला. आणि फटाक्यामागोमाग माणसं, मशाली, दगड येतात हेही कळलंय, म्हणून आवाज झाला की ते आधीच चवताळतात. फटाक्यांचा जोर वाढवला तर दुसरी गोष्ट आणखी पक्की होईल.

हत्ती बागेत असताना चारही बाजूंनी घेरू नका. जंगलाकडची बाजू पूर्ण मोकळी, अंधारी आणि माणसांविना ठेवा. पिल्लू आणि मादी यांच्या मध्ये कोणी येता कामा नये. कान ताठ, सोंड गुंडाळलेली आणि अंग एकदम स्थिर झालं, तर तो दबलेला नसतो, चालून यायच्या बेतात असतो. बॅटरी डोळ्यांवर न मारता मागे सरका. भात, पिकलेले फणस आणि गूळ घराच्या बाहेरच्या पडवीत ठेवू नका. वनखात्याच्या पथकाला हत्ती जंगलाच्या कडेला असतानाच कळवा, बागेत शिरल्यावर नव्हे. कडेला असलेला हत्ती सहज परत वळतो. केळीत शिरून खायला लागलेल्या हत्तीला वळवताना मात्र माणसं मरतात.